एक वर्ष मागं जाऊन राहायचं, पण साताऱ्या-सांगलीतच: तुम्ही कुठलं साल घ्याल?

वेण्णाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

परवा मुलीला घेऊन संगम माहुलीला गेलो होतो. पाऊस अजून लागला नव्हता, कृष्णा-वेण्णेचं पाणी खाली गेलेलं, घाटाच्या शेवटच्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडलेल्या. तिला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवली. ती नववीत आहे. परत येताना गाडीवर मागून विचारते, "बाबा, एक वर्ष मागं जाऊन राहायला मिळालं तर कुठं जाल?" मी क्षणात म्हणालो, "इथंच. शाहूंच्या साताऱ्यात." "आणि मी?" "तू पण माझ्याबरोबर." यावर ती काही बोलली नाही, घर येईपर्यंत नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. नुसतं 'मला पेशवाई आवडते' असं नको, म्हणून काही अटी घालतो. जायचं ते आपल्याच मुलखात, म्हणजे जुन्या सातारा जिल्ह्यात आणि सांगली-मिरजेच्या संस्थानांत. पुरं वर्ष काढायचं, पावसाळा आणि चैत्राचं ऊन धरून. नुसता राज्याभिषेकाचा दिवस पाहून परतायचं नाही. इथली औषधं, मोबाईल, पैसे काही न्यायचं नाही आणि इतिहासात ढवळाढवळ करायची नाही. शेवटची अट मी बराच विचार करून घातली आहे: जाल ते आपल्याच घरात. आज जी जात आहे ती, बाई असाल तर बाई, पुरुष असाल तर पुरुष. दुसऱ्याच्या अंगात शिरून मजा बघायची सोय नाही.

माझं साल १७२०. चैत्रापासून पुढचा चैत्र येईपर्यंत.

कारण सांगतो. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत १८ वर्षं होते. १७०७ ला सुटले, १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पण येसूबाई दिल्लीहून परत आल्या त्या थेट १७१९ ला. म्हणजे १७२० च्या वर्षात ही माय-लेकरं इतक्या वर्षांनी एका गावात आहेत. त्याच वर्षी १७ एप्रिलला मसूरला बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली. आणि गाव घडतंय. ज्या अजिंक्यताऱ्याला वेढा घालून औरंगजेबानं १७०० साली 'आझमतारा' नाव दिलं, त्याच्या पायथ्याला राजधानी उतरतेय. मी जिथं राहतो ती पेठ तेव्हा आखली जात असेल. दगड कुठून आणला, पाणी कुठून वळवलं, पहिली दुकानं कुणाची, हे मला बघायचंय.

मी हौसेनं मोडी शिकलो. गेली सहा वर्षं जुने कागद लावतोय. त्यामुळं फडावर, म्हणजे सरकारी दप्तरात, कारकुनी मिळेल अशी आशा आहे. कागदावर बोरूचा फराटा दिसतो, पण तो लिहिणारा माणूस कुठल्या उजेडात बसला होता, दिवसाला किती कागद उरकायचा, हात अवघडल्यावर काय करायचा, हे कागदावर नसतं. त्यासाठी एक वर्ष द्यायला मी तयार आहे.

तुमचं सांगा.

---

अजिंक्यवारा | शनिवार, रात्री १०:१५

छान धागा. मी सध्या फक्त जेवणाचं बोलतो, कारण वर्षभर राहायचं म्हणजे वर्षभर जेवायचं.

वेण्णाकाठ, तुमच्या १७२० मध्ये मिरची असेल. पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची तोवर रुळली होती. पण बटाटा-टोमॅटो ताटात नाहीत, आणि चहा तर विसराच. पहाटे उठून फडावर जायचं ते ताक किंवा आंबील पिऊन. जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, उडदाचं घुटं. पाटणकडं वर गेलात तर नाचणी-वरी. आणखी मागं, यादवांच्या काळात कुणी जाणार असेल तर तिथं मिरचीही नाही. तिखट म्हणजे मिरे आणि पिंपळी. आपल्याकडचा झणझणीत रस्सा म्हणजे शेकडो वर्षांचा वारसा असं आपण मिरवतो, पण त्यातला रंग आणि जाळ पाचशे वर्षांच्या अलीकडचा आहे.

माझं साल नंतर देतो.

---

हळदपेठ | रविवार, सकाळी ७:०५

सांगलीकडून मी. माझं साल आधीच ठरलंय: १८४३.

आमची हळदीची अडत होती. हरिपूरच्या पेवांत आमची पोती असायची. (ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तिथली मातीच अशी की आतली हळद वर्षानुवर्षं किडत नाही. २००५ च्या महापुरानं त्यांची वाट लागली.) तर धंदा हळदीचा, पण घरात वेड नाटकाचं. आजोबांना पदं पाठ, वडिलांना पदं पाठ. आमच्या घरी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, नटराजाची पूजा होते. पण त्या दिवशी मुळात काय घडलं, हे मला डोळ्यांनी बघायचंय.

आदल्या वर्षी कर्नाटकातून यक्षगान करणारी मंडळी सांगलीत आली. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी खेळ पाहिले आणि विष्णुदास भावे यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत, जरा रेखीव करा. भावे तेव्हा पंचविशीच्याही आत. लाकडी बाहुल्या करण्यात हात बसलेला. म्हणजे नट कसा उभा राहावा, हात कसा उचलावा, हे त्यांनी आधी लाकडावर केलं होतं. समोर नमुना फक्त कानडी. मराठीत तालमी कशा घ्यायच्या हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण तालमी घेतलेला माणूसच नव्हता. आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं.

सूत्रधारच सगळी पदं म्हणणार, मागं मृदंग आणि झांजा. आधी गणपती, मग मोरावर सरस्वती नाचत येणार, विदूषक येणार. पात्रं बोलणार ती आयत्या वेळचं, कारण लिहिलेले संवाद नाहीत. राक्षस आरोळ्या ठोकत येणार. उजेड दिवट्यांचा. सीतेचं काम मुलाचं.

मी वर्ष मागतो ते त्या एका रात्रीसाठी नाही. मला तालमीचे महिने हवेत. पहिल्यांदा कुणीतरी मराठीत रावण होऊन चालून बघितलं असेल आणि बाकीचे हसले असतील. ज्या मुलाला सीता व्हायला सांगितलं त्याच्या घरी काय झालं असेल? राजाची आज्ञा, म्हणून नाही म्हणता येत नाही, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत. असं काहीतरी असणारच. मला नटाचं काम नको. दिवट्यांना तेल घालायचं काम द्या. तो माणूस सगळ्या तालमींना हजर असतो.

पुढं १८५१ ला चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला, म्हणून भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. धंदेवाईक मराठी नाटक त्या अडचणीतून उभं राहिलं. पण ते माझ्या वर्षाच्या पुढचं.

---

सई_कराड | रविवार, सकाळी ९:३०

वेण्णाकाठदादा, तुमची शेवटची अट वाचली आणि तुमची मुलगी गाडीवर गप्प का झाली ते मला कळलं. तुम्हाला कळलंय का, हे विचारते. रागानं नाही, खरंच विचारते.

तुम्ही १७२० ला फडावर बसाल. ती नववीतली मुलगी कुठं बसेल? तिचं लग्न होऊन गेलेलं असेल, सासरी असेल. वर्ष संपायच्या आत कदाचित पहिल्या बाळंतपणाला आलेली असेल. देवीची साथ आली तर लस नाही. मुंबईत पहिली लस टोचली ती १८०२ ला. आणि हे सगळं ठीकठाक घरातल्या मुलीचं सांगतेय. तुम्ही ज्या राजाच्या गावात जाताय, तो १७४९ ला गेला तेव्हा त्याच्यामागं राणी सकवारबाई सती गेली. माहुलीला समाध्या बघताना ते नाव मुलीला सांगितलंत का?

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, मलाही शाहूंचं सातारा आवडतं. वाचायला. राहायला नाही. हळदपेठदादांच्या १८४३ मध्ये तर रंगमंचावरची सीताही मुलगी नाही.

कालपासून मी शोधतेय की माझ्यासाठी साल कुठलं. सापडलं की लिहीन.

---

अजिंक्यवारा | रविवार, सकाळी ९:५२

सईताई, पटलं. हा विचार मी केलाच नव्हता.

---

मसूरलाईन | रविवार, दुपारी १:२०

वेण्णाकाठ सर, तुम्ही मसूरचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी त्याच पट्ट्यातला. आमचं घर कुठल्या बाजूला असायचं ते सांगायला नको, ओढ्यापलीकडं.

मसूर म्हटलं की तुम्हाला १७२० आठवतं, बाजीरावांची वस्त्रं. मला १९०१ आठवतं, मसूरचं रेल्वे स्टेशन.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय ते. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे, साताऱ्यात राहणारे. वडील दुष्काळी कामावर, तलावाचं काम चालू होतं तिथं नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं वडिलांकडं निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, पहिल्यांदाच आगगाडी. मसूरला उतरली तर न्यायला कुणी नाही, चिठ्ठी वडिलांना पोचलीच नव्हती. स्टेशनमास्तर चांगला बोलत होता, कपड्यांवरून त्याला वाटलं बामणाची पोरं. जात विचारली, पोरांनी खरी सांगितली, आणि तो माणूस जागच्या जागी बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हाकायला तयार नाहीत. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर की पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. शिदोरी बरोबर होती, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं. मुसलमान आहोत असं सांगून बघितलं, तरी मिळालं नाही. पोरं तशीच उपाशी झोपली. डबा उघडूनही खाता आलं नाही, कारण घास उतरवायला पाणी नाही.

तुमची अट आहे की आपल्याच घरात जायचं. मग १७२० ला मी मसूरला गेलो तर मला ती वस्त्रं देताना कोण दिसणार? मी त्या तळाच्या जवळपास तरी फिरकू शकेन का? लाकडं फोडायला, मेलेलं जनावर ओढायला बोलावलं तर जाईन. तुमच्या कागदांत आमची नावं 'बलुतं' या शब्दात बसतात.

तरी मला धागा आवडला. माझंही एक साल आहे, आणि ते मी आनंदानं घेतो. १९२७, सातारा.

भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ ला काढली ती काल्याला, कराडच्या दक्षिणेला. १९२४ ला ती साताऱ्यात आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं, नाव दिलं गेलं. तिथं मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीत जेवत होती. नुसती जेवत नव्हती, पाळीनं रांधत होती. म्हणजे आज मी थापलेली भाकरी उद्या पाटलाचा पोरगा खाणार. ज्या जिल्ह्यात २६ वर्षांआधी पोरांना पाणी मिळालं नाही, त्याच जिल्ह्यात.

मला तिथं एक वर्ष राहायचंय. लाकडं आणीन, भांडी घाशीन. लक्ष्मीबाईंना बघायचंय. पोरांना घास मिळावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० ला त्या गेल्या. त्या वर्षी त्या असतील. सणासुदीला पोरं घरी नाही गेली तर त्याच काहीतरी गोड करत असणार. मी त्यांना 'वहिनी' म्हणेन.

माझे आजोबा रयतच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. घरातली पहिली सही त्यांची. ते बोर्डिंगला नव्हते, पण बोर्डिंग नसतं तर ती शाळाही गावात आली नसती.

---

वेण्णाकाठ | रविवार, रात्री ८:१०

सई, मसूरलाईन, तुमचं दोघांचं दुपारपासून तीनदा वाचलं.

सई, नाही सांगितलं सकवारबाईंचं नाव. कुत्र्याची गोष्ट सांगितली, ती नाही सांगितली.

मसूरलाईन, तुम्ही मला सर म्हणू नका, वयानं असेन थोडा मोठा. मसूर या एका गावावर दोन तारखा आहेत आणि मी आयुष्यभर एकच सांगत आलो. मी प्रतापसिंह हायस्कूलचा विद्यार्थी. त्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, 'भिवा रामजी आंबेडकर', नोंद क्रमांक १९१४. आता राज्यभर तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या नोंदीचा मला अभिमान आहे. पण ज्या मुलाची ती नोंद, तो पुढच्याच उन्हाळ्यात मसूरला उतरला होता, हे मी कधी एकाला एक जोडलं नव्हतं.

माझं साल मी मागं घेत नाही, मला ते फड अजून बघायचेत. पण 'गाव घडताना बघायचंय' म्हणालो, तेव्हा त्या गावाच्या वेशीबाहेर काय घडत होतं तेही बघायची तयारी हवी होती. अट मीच घातली आणि मीच तिचा अर्थ लावला नाही.

---

तंबोरा | रविवार, रात्री ११:३०

मी मिरजेचा. आमच्या गल्लीत अजून तंबोरे-सतारी होतात, तोच आमचा पोटापाण्याचा धंदा.

माझं साल १९३६ धरा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तेव्हा मिरजेत. दुसऱ्याच वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरात, दक्षिणेत प्रवासात एका लहान स्टेशनावर ते गेले. आणून दफन केलं ते आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात. त्यांच्या नावानं अजून उरुसात गाणं होतं. लहानपणी मी चिंचेखाली सतरंजीवर झोपून ऐकलंय, कोण गातंय ते कळायच्या आधी.

पण मला त्यांचं गाणं ऐकायचंय ते मैफलीतलं नाही. ध्वनिमुद्रिका आहेत, ऐकतो आम्ही. आमच्याकडं पिढीजात सांगतात की खाँसाहेबांचा हात वाद्यदुरुस्तीत होता, जवारी स्वतः लावायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तिथं हाडाचा पृष्ठभाग किंचित उतरता घासायचा असतो, म्हणजे तार सरळ न टेकता घासत टेकते आणि स्वर उमलतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. एक घासणी जास्त झाली की आवाज मेला, परत पहिल्यापासून. हे शिकवता येत नाही, मांडीला मांडी लावून बसावं लागतं. माझ्या पणजोबांच्या दुकानात बसून खाँसाहेब जवारी लावताहेत आणि पणजोबा बघताहेत, एवढं मला मागून बघायचंय. वर्षभर भोपळे कोरायचं, तुणीचं लाकूड तासायचं काम करीन.

आणि इथं आजारी पडलो तरी भीती नाही, मिरजेत वानलेस डॉक्टरांचं इस्पितळ १८९४ पासून आहे. सईताईंचं वाचल्यावर हे मुद्दाम बघितलं.

---

कुंडलवाट | सोमवार, सकाळी ६:४०

सगळ्यांना नमस्कार. उशीर झाला, उसाला पाणी धरायचं होतं.

१९४४. कुंडल. तेव्हा आमचं गाव औंध संस्थानात आणि भोवतालचा मुलूख सातारा जिल्ह्यात, लक्षात ठेवा. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणून 'साताऱ्याचं प्रतिसरकार' म्हणतात ते, इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं सरकार, आमच्या शिवारातलं.

सगळ्यांना माहितीये ते शेणोलीच्या रेल्वेचं. ७ जून १९४३, पगाराची गाडी अडवली. तुफान सेनेच्या पोरांच्या कवायती, क्रांतिसिंह नाना पाटलांची भाषणं. ते भारीच. पण आमच्या आज्याच्या तोंडी बंदुकीपेक्षा जास्त यायचं ते न्यायनिवाड्याचं. बांधाचं भांडण, सावकाराचं गहाणखत, नवऱ्यानं टाकलेली बाई, हे सगळं लोकांनी कोर्टात न नेता गावात सोडवलं. पाच-दहा माणसं रात्री कुणाच्या तरी वस्तीवर बसायची, दोन्ही बाजू ऐकायची. निकाल झाला की झाला. गावगुंडाला, फितुराला शिक्षा कडक, त्याच्या तळपायावर. 'पत्री सरकार' हे नाव त्यातनंच पडलं. ते वाईट की बरं यावर आज्जा बोलायचा नाही, गप्प बसायचा. मी त्यांच्याबाजूनं भांडणार नाही, पण मला तो काळ बघायचाय.

आणि लग्नं. गांधी-लग्न म्हणायची. हार घालायचे, मानपान नाही, हुंडा नाही, कर्ज नाही. माझ्या आजीचं लग्न तसं झालं. ती सांगायची, "माझ्या लग्नाला बाप कर्जात गेला न्हाई, ही माझी श्रीमंती." आज आमच्या भावकीत लग्नाला जमीन विकतात. त्या वर्षात जाऊन ते एक लग्न मला जेवायचंय. साधं जेवण असंल.

---

सई_कराड | सोमवार, सकाळी १०:१५

कुंडलवाटदादा, तुमच्यामुळं मला माझं साल मिळालं. १९४४ च. तुमच्याच गावात येईन.

त्या चळवळीत बायका होत्या. निरोप पोचवायच्या, हत्यारं लपवायच्या, भाकरी बांधून उसात नेऊन द्यायच्या. नाना पाटलांची लेक हौसाताई तर होत्याच, आणि लीलाताई पाटील कैदेतून निसटल्या. मला वाटतं इथं पहिल्यांदा असं झालं की बाईनं घराबाहेर पडायला गावाची परवानगी होती, कारण गावाला तिची गरज होती. पुढं गरज संपल्यावर काय झालं हा वेगळा विषय, त्यावर मी भांडेन. पण ते एक वर्ष मला डोक्यावर पाटी घेऊन, पाटीत निरोप घेऊन, कृष्णाकाठानं चालायचंय.

---

अजिंक्यवारा | सोमवार, दुपारी १२:३०

औंध कुणीच कसं घेतलं नाही? जानेवारी १९३९. राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपणहून सत्ता सोडली आणि ७२ गावांच्या त्या छोट्या संस्थानात पंचायतीचं राज्य आणलं. घटनेमागं गांधीजी आणि मॉरिस फ्रीडमन. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कुंपण नसलेला तुरुंग काढला. माझं साल तेच. राजा गादीवर बसलेला असताना गावकरी पहिल्यांदा पंच निवडतात, त्या गावात मला मतदार म्हणून उभं राहायचंय.

---

माणलेक | सोमवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. मी म्हसवडकडची, आता साताऱ्यात नोकरीला. मला इतिहास फार येत नाही. माझं साल तुमच्यासारखं लांबचं नाही, ते साल कुणी घेणार पण नाही. १९७२.

त्या वर्षी माझी आई १३ वर्षांची होती. माण-खटावात पाऊस झाला नाही, ज्वारी गेली. आजोबा, आजी, आई, तिघंही दुष्काळी कामावर. आईचं काम खडी फोडायचं. हातोडी तिच्यासाठी जड होती म्हणून आजीनं दांडा कापून आखूड केला होता. फोडलेली खडी मापाच्या खोक्यात भरायची, खोकं भरलं तर पैसे. दगडाची कपरी उडून तिच्या डाव्या भुवईत घुसली, तो वण अजून आहे. लहानपणी मी त्या वणावर बोट फिरवत झोपायचे.

खायला सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, अमेरिकेतनं आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापायला गेलं की तुटायची, म्हणे. आई अजून तांबडी भाकरी बघितली की ताटावरनं उठते.

त्या कामातनं जो रस्ता झाला, त्या रस्त्यानं मी एसटीनं कॉलेजला गेले. पाच वर्षं. मला माहीत नव्हतं. एकदा आई माझ्याबरोबर गाडीत होती, एका वळणावर म्हणाली, "हितं आमचं खोकं असायचं." एवढंच म्हणाली.

मला तिच्याशेजारी बसून वर्षभर खडी फोडायचीये. तिला सांगायचं नाही मी कोण. फक्त तिचं खोकं लवकर भरलं पाहिजे, म्हणजे ती सावलीला जाईल. इतिहासात ढवळाढवळ करायची नाही अशी अट आहे, पण एवढी ढवळाढवळ मी करणार.

---

मसूरलाईन | सोमवार, रात्री ९:२५

ताई, करा. तुमच्यासाठी अट सोडून द्यायला मी वेण्णाकाठांना सांगतो.

---

वेण्णाकाठ | सोमवार, रात्री १०:००

अट सोडली.

माणलेक, तुमचं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी आईपण त्या वर्षी कामावर होती, कोरेगावकडं. पाझर तलावावर माती उचलायला. मला एवढंच माहीत होतं, हातोडी-खोकं वगैरे मी कधी विचारलंच नाही, आणि आता ती नाही. अठराव्या शतकातल्या कारकुनाच्या हाताला कळ लागली की नाही हे मी सहा वर्षं शोधतोय.

मुलीला परत विचारलं, तुझं साल सांग. ती म्हणाली, आधी मसूरलाईनकाकांच्या बोर्डिंगमध्ये मुलींना घेतात का विचारा. मी म्हटलं, विचारतो.

एक विनंती आहे. तुमच्या आई आहेत ना? त्यांना हा धागा वाचून दाखवाल? त्यांना त्या वर्षात तुम्ही आलेलं चालेल का, एवढं विचारा.

---

माणलेक | मंगळवार, सकाळी ७:३०

काल रात्री फोनवर वाचून दाखवलं. सगळ्यांचं वाचलं, दीड तास लागला. हळदपेठकाकांच्या सीतेचं ऐकून हसली. मसूरच्या पोरांचं ऐकताना "पाणीसुदीक न्हाई?" असं दोनदा म्हणाली.

माझं वाचलं तेव्हा बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, पाणी तवा हिरीला होतं, धान्य नव्हतं, ते नीट लिव्ह. आणि म्हणाली, "येतीस तर ये. पर येताना जुंधळ्याचं पीठ घिऊन ये. पांढऱ्या."